कंट्रोलर बदलायच्या आधी: तापली की मरणाऱ्या एका जुन्या पोकलेनचं प्रकरण

मशीन २० टनी पोकलेन, मीटरवर ९ हजाराच्या वर तास (मीटरवर म्हणतोय, खरे किती ते मीटरलाच माहीत), शेठनी तीन महिन्यांपूर्वी जुन्यातली घेतलेली, रंग एकदम नवा. फोनवर तक्रार एका वाक्यात आली, "सकाळी मस्त चालते, तापली की मरते." म्हणजे सकाळी पहिल्या किल्लीला स्टार्ट, तास-सव्वा तास नीट काम, मग मॉनिटर अचानक काळा होतो आणि सेकंदभरात पहिल्यापासून चालू होतो, तेवढ्यात इंजिन आचका देतं, कधी सावरतं, कधी बंदच पडतं. बंद पडलं की मग किल्ली फिरवत बसा, सेल्फ नाही, बझर नाही, लाईट नाही, सगळं ठार. वीस-पंचवीस मिनिटं गेली की काही झालंच नाही अशा थाटात परत चालू.

तोपर्यंत बरंच काही बदलून झालं होतं. आधी दोन्ही बॅटऱ्या नव्या टाकल्या, मग अल्टरनेटर उतरवून कार्बन ब्रश आणि रेग्युलेटर बदलला, मग बॅटरी रिले (किल्लीवर चालणारा बॅटरीचा मोठा स्विच), कारण मशीन मरताना तो टकटक वाजायचा. गंमत म्हणजे प्रत्येक वेळी मशीन दोन दिवस बरी चालायची आणि मग पहिले पाढे पंचावन्न. हे दोन दिवस बरं वाटणं फार फसवं असतं हो, नवा पार्ट बसवताना शेजारच्या वायरी ओढल्या जातात, हलतात, कुठला तरी ढिला जॉईंट तात्पुरता घट्ट बसतो आणि श्रेय जातं नव्या पार्टाला. आता पाळी कंट्रोलरची, म्हणजे मशीनच्या कॉम्प्युटरची होती. मला बोलावलं होतं ते खरं तर कंट्रोलर बसवायला, फॉल्ट शोधायला नाही. मी म्हटलं शेठ एक दिवस द्या, कंट्रोलर कुठे पळून जात नाही.

पेटीतला व्होल्ट मोजायचा मीटर काढायच्या आधी मी ऑपरेटरला गाठलं. दिवसभर सीटवर तो बसतो, मशीनची नस त्याला जास्त माहीत, आणि बहुतेक वेळा त्याला कुणी विचारतच नाही. तो म्हणाला, "दादा, दुपारी जास्त होतं. एसी फुल असला आणि संध्याकाळी लाईटी लावल्या की लवकर होतं. आणि भरलेली बकेट घेऊन स्विंग एकदम थांबवला की झटक्याला जातो मॉनिटर." मग जाता जाता अजून एक बोलला, लाईट लावली की डिझेलचा काटा थोडा खाली येतो आणि बंद केली की परत वर. शेठ हसले, म्हणे काटा जाऊ दे रे. बूमवरची (पुढच्या मोठ्या हातावरची) लाईट मशीन आल्यापासून बंद आहे हेपण त्याने सांगितलं, त्यावर शेठ म्हणाले ती सोडा, तिचं काही काम नाही. मी पण सोडली, खोटं कशाला बोलू.

आता या चार वाक्यांत किती माल आहे बघा. उष्णता, लोड आणि झटका, या तिन्हींवर एकच फॉल्ट नाचतोय म्हणजे जॉईंट. कंट्रोलरच्या आत कुठला सोल्डर सुटला असेल तर तोही तापल्यावर दगा देतो, मान्य, पण कंट्रोलर मेला म्हणून केबिनची लाईट आणि बझर का मरेल? ते त्याच्या जिवावर चालतच नाहीत. मॉनिटरमधे साठलेले कोडही तेच सांगत होते, इंजिन कंट्रोलरला व्होल्टेज कमी, पंप कंट्रोलरला व्होल्टेज कमी, आणि एकमेकांशी संपर्क तुटला, सगळे एकाच वेळेचे. तीन वेगवेगळे डबे एकाच क्षणी रडायला लागले तर डबे खराब नसतात, तिघांना मिळून जे पाणी पाजतं त्या नळात गडबड असते.

नळाचा रस्ता आधी डोक्यात पक्का करून घेतला. या मशीनला १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमधे, म्हणजे २४. पॉझिटिव्हकडून जाड केबल बॅटरी रिलेला, किल्ली ऑन केली की रिले ओढला जातो, त्याच्या पुढून एक जाड केबल सेल्फला आणि एक वाट लिंक फ्यूजमधून (सगळ्यांच्या आधीचा मोठा फ्यूज) केबिनमधल्या फ्यूजबॉक्सला, तिथून किल्ली, मॉनिटर, कंट्रोलर, एसी, लाईटी. परतीचा रस्ता केबिनच्या अर्थ बोल्टवरून फ्रेमला, फ्रेमवरून मेन स्विच आणि मग बॅटरीचा निगेटिव्ह. अल्टरनेटरची चार्जिंगची वायर मात्र लिंक फ्यूजमधून जात नाही, ती रिलेपाशीच मिळते. म्हणून बॅटरीवर मीटर लावला की चार्जिंग कायम छान दिसणार, पुढे केबिनमधे उपासमार चालू असली तरी. किल्लीचा फीडही फ्यूजबॉक्समधूनच असल्यामुळे तो तुटला की किल्ली मेली आणि किल्ली मेली की रिलेची कॉईल सुटली, म्हणून रिले टकटक करायचा. बिचारा रिले मार खात होता आणि चोर म्हणून त्यालाच धरून बदललं.

आधीच्या फिटरनेही मीटर लावला होता, त्याला दोष देत नाही. फ्यूजबॉक्सवर किल्ली ऑन करून २५.१ व्होल्ट मिळाले आणि त्याने लिहून दिलं सप्लाय ओके. अडचण अशी की डिजिटल मीटर करंट जवळपास घेतच नाही, त्याचा स्वतःचा रेझिस्टन्स साधारण १० मेगाओहम, त्यामुळे केबलमधली सगळी तांब्याची तार तुटून एकच केस शिल्लक राहिला तरी मीटर पूर्ण २५ दाखवणार. नळ थेंबथेंब गळत असला तरी पाईपच्या तोंडावर बोट दाबून धरलं की प्रेशर पूर्ण लागतं, तसंच हे. सप्लाय तपासायचा तर करंट वाहत असताना तपासायचा. माझ्या पेटीत २४ व्होल्ट ७० वॅटचा हेडलाईटचा बल्ब होल्डरला दोन वायरी जोडून कायम असतो, तो लावला की ३ अँपिअरच्या आसपास ओढतो आणि खोटा सप्लाय लगेच पिवळा पडतो. इथे तर मशीनच चालू होत होती त्यामुळे मशीनचाच लोड वापरला.

इंजिन चालू, ॲक्सिलेटर मधे, एसी फुल, सगळ्या लाईटी, वायपर. क्लॅम्प मीटर (वायरीभोवती अडकवून करंट मोजतो तो) फ्यूजबॉक्सच्या फीडवर ३१ अँपिअर. स्टार्ट होऊन दहा मिनिटं झाली होती, मशीन अजून थंड. दोन्ही बॅटऱ्या मिळून २७.९ व्होल्ट, आणि कंट्रोलरच्या प्लगमागे सप्लायच्या पिनपासून त्याच्याच अर्थच्या पिनपर्यंत २६.२. म्हणजे १.७ व्होल्ट वाटेत गायब, तेही थंड असताना, मशीन तक्रारच करत नाही तेव्हा. आता हे १.७ जातात कुठे ते शोधणं म्हणजे निव्वळ हिशोब. मीटरचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर, खांबावर म्हणतोय, वरच्या क्लॅम्पवर नाही, आणि दुसरं टोक लांब वायर लावून कंट्रोलरच्या सप्लाय पिनवर, ०.९ आले. तसंच निगेटिव्ह खांबापासून कंट्रोलरच्या अर्थपर्यंत, ०.८. बेरीज १.७, हिशोब जुळला. हा जुळलाच पाहिजे, नाही जुळला तर मीटरचं टोक कुठेतरी चुकतंय, पुढे जायचंच नाही.

मग एकेक तुकडा. पॉझिटिव्ह बाजूला बॅटरीपासून रिलेपर्यंत ०.०४, रिलेच्या दोन बोल्टांमधे ०.०६ (नवा रिले, चांगलाच असणार), आणि रिलेच्या पुढून फ्यूजबॉक्स धरून कंट्रोलरपर्यंत ०.८०. निगेटिव्ह बाजूला बॅटरीपासून मेन स्विच धरून फ्रेमपर्यंत ०.०५, फ्रेमपासून केबिनच्या अर्थ बोल्टच्या थिंबलपर्यंत (वायरीच्या टोकाला दाबलेली धातूची टोपी) ०.७२, तिथून कंट्रोलरपर्यंत ०.०३. इतक्या करंटला चांगल्या जॉईंटवर ०.१ सुद्धा जास्तच म्हणायचं. म्हणजे एक नाही, दोन चोर निघाले, एक जाताना आणि एक येताना.

इथे मी एक तास वाया घालवला ते पण लिहितो. मेन स्विचला हात लावला तर चांगला गरम लागला, आणि माझ्या डोक्यात बसलं की हाच, आकडा ०.०५ समोर असताना. उघडला, आतले कॉन्टॅक्ट चकाचक. नंतर लक्षात आलं की रेडिएटरकडून येणारा गरम वारा सरळ त्या कोपऱ्यात येतो, तिथला पत्रापण तेवढाच गरम होता. हाताने बघायचंच तर शेजारच्या वस्तूशी तुलना करून बघा, नुसतं गरम लागलं म्हणजे काही नाही.

परत जोडलं आणि ऑपरेटरला म्हटलं चालव, रोजच्यासारखी चालव. मीटर कंट्रोलरच्या प्लगवर ठेवून मिनिमम रेकॉर्डवर टाकला, कारण सेकंदाच्या आतला झोल नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही, आकडा बदलायच्या आत मॉनिटर जाऊन आलेला असतो. सव्वा तासाने बॅटरीवर २७.८ आणि कंट्रोलरवर २४.५. निगेटिव्ह बाजू ०.८ वरून ०.९ वर गेली, विशेष काही नाही, पण पॉझिटिव्हची गळती ०.९ वरून थेट २.४. तेवढ्यात भरलेली बकेट फिरवून झटक्यात थांबवली आणि मॉनिटर गेला. मीटरमधे मिनिमम ९.६ नोंदला गेला. बॅटरीवर दुसरा मीटर होता, तो २७ च्या खाली हललासुद्धा नाही.

३० अँपिअर करंट आणि २.४ व्होल्ट गळती म्हणजे ७२ वॅट. एका छोट्या जॉईंटवर ७२ वॅट म्हणजे चांगला मोठा सोल्डरिंग आयर्न पेटवून टेपमधे गुंडाळून ठेवण्यासारखं आहे. तापला की काळा पडतो, काळा पडला की रेझिस्टन्स वाढतो, वाढला की अजून तापतो, आणि मशीन सकाळी थंड झाली की सगळं आकसून परत टेकतं. सकाळी मस्त आणि तापली की मरते, ते हे.

रिलेच्या मागे हात घातला तर वायरिंगच्या जुडग्यात एक जागा मऊ लागली. टेप हाताला चिकटत होता, गूळ पाघळल्यासारखा, आणि जळक्या इन्सुलेशनचा तो आंबूस वास, एकदा नाकात बसला की विसरत नाही. ब्लेडने टेपचे थर काढत गेलो, वरचा नवा, त्याखाली जुना, त्याखाली कापडी, तीन वेगवेगळ्या हातांचे. सगळ्यात आत लिंक फ्यूजचा होल्डर असायला हवा होता, तिथे होल्डरच नाही. दोन्ही बाजूच्या जाड वायरी कापून मधे वीतभर घरगुती वायरिंगची वायर टाकलेली, एका टोकाला थिंबल दाबून आणि दुसऱ्या टोकाला नुसता पीळ मारून. पिळाच्या बाजूचं तांबं काळंनिळं पडलेलं, अर्ध्याच्या वर तारा तुटलेल्या, हाताने हलकेच वाकवलं तर अजून दोन तुटल्या. केबिनमधे ऑपरेटर ओरडला, "गेला, गेला, परत गेला!"

लिंक फ्यूज म्हणजे सगळ्या फ्यूजांचा बाप. पुढच्या वायरिंगमधे मोठा शॉर्ट झाला तर मशीन पेटायच्या आधी तो जळतो. त्याच्या जागी साधी वायर म्हणजे ती मशीन इतके दिवस नुसती बंद पडत होती हे नशीबच. पण खरा प्रश्न पुढे आहे, तो मुळात जळला का? हे न शोधता नवीन लिंक टाकली असती तर मी चौथा टेपवाला झालो असतो.

फ्यूजबॉक्स उघडून एकेक फ्यूज काढून बघितला. बाकीचे बरोबर, एका घरात मात्र फ्यूज दिसायला १० अँपिअरचा आणि पाठीमागून त्याच्या दोन्ही पायांना बारीक तांब्याची तार गुंडाळलेली. झाकणावर त्या घरासमोर लिहिलेलं होतं, बूम लाईट. मग पोटात कुठेतरी हललं, सकाळी आपण सोडलेली तीच लाईट. बूमच्या बुडाशी जिथे पिन असते तिथे गेलो, होजच्या मागे वायरीचा तुकडा कापून टेप मारून कोंबलेला, आणि शेजारच्या पत्र्यावर नव्या रंगाखालीसुद्धा जळल्याचा खड्डा बोटाला लागत होता. आता सगळी कहाणी जुळते. बूम वरखाली होताना वायर होजला आणि पत्र्याला घासत राहिली, इन्सुलेशन गेलं, शॉर्ट झाला, फ्यूज उडाला. कुणीतरी फ्यूज बदलला, परत उडाला, वैतागून तार गुंडाळली. पुढच्या शॉर्टला तार उडाली नाही, लिंक उडाली. मग कुणीतरी लिंकच्या जागी वायर टाकली, आणि दुसऱ्या कुणीतरी बूमची वायर कापून टाकली. सगळ्यात शेवटी रंग मारला. जुन्या मशीनमधे तुम्ही मशीनचा फॉल्ट कमी शोधता, आधीच्या माणसांनी काय काय उरकलं ते जास्त शोधता.

दुसरा चोर केबिनच्या अर्थ बोल्टचा, तो रंगवाल्यांचा प्रताप. थिंबल सोडवून सगळ्या फरशीला रंगाचा फवारा मारला आणि रंग वाळल्यावर थिंबल रंगावर परत कसलं. वरून बघाल तर बोल्ट घट्ट, थिंबल चकचकीत, करंट मात्र फक्त बोल्टच्या आट्यांमधून कसाबसा जातोय. डिझेलचा काटा नाचायचा तो यामुळेच, लाईटी लावल्या की केबिनचा सगळा अर्थ ०.७ ने वर उचलला जायचा आणि सेन्सरचा सिग्नल चुकीचा वाचला जायचा. काट्याची तक्रार कोणी मनावर घेतली असती तर हा तरी महिनाभर आधी सापडला असता. पॉलिश पेपरने चांदीसारखं पांढरं लोखंड दिसेपर्यंत घासलं, दातेरी वायसर टाकून कसलं, आणि मग वरून ग्रीस. ग्रीस कसल्यानंतर, आधी नाही.

बॅटऱ्या नव्या म्हणून कोणी एकेक मोजल्या नव्हत्या. चालू मशीनमधे २७.९ ची वाटणी बघितली तर एकीवर १४.५ आणि दुसरीवर १३.४. सिरीजमधल्या दोन सारख्या बॅटऱ्यांमधे एवढा फरक म्हणजे मधून कोणीतरी चोरून पितंय. वायर धरून गेलो तर टेप रेकॉर्डरला १२ व्होल्ट हवे म्हणून दोन बॅटऱ्यांच्या मधल्या जोडावरून वायर घेतलेली, किल्लीचाही संबंध नाही. त्यात निगेटिव्हकडची बॅटरी कायम अर्धपोटी आणि दुसरी कायम जास्त चार्ज होऊन पाणी सुकवणार. आजच्या फॉल्टशी याचा संबंध नव्हता, पण सहा महिन्यांत या दोन बॅटऱ्याही गेल्या असत्या आणि परत अल्टरनेटरवर संशय आला असता. ती वायर काढून २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर लावायला सांगितला, आणि दोन्ही बॅटऱ्या सुट्या करून वेगवेगळ्या पूर्ण चार्ज केल्या.

दुरुस्ती सोपी होती, शोधण्याच्या मानाने काहीच नाही. किल्ली बंद, थोडं थांबून मेन स्विच बंद, निगेटिव्ह आधी काढला (लावताना तो शेवटी), अंगठी खिशात. लिंकचा नवा होल्डर, सर्किट डायग्रामवर जेवढं रेटिंग आहे बरोबर तेवढीच लिंक, दोन्ही टोकांना नीट मापाचं थिंबल हायड्रॉलिक क्रिम्परने दाबून आणि वर गरम करून आकसणारी नळी. पीळ नाही, टेप नाही. तार गुंडाळलेला फ्यूज शेठच्या हातात दिला. आणि हो, एक फिटर इंजिन चालू असतानाच मेन स्विच बंद करून बघायचा सल्ला देत होता, अल्टरनेटर चांगला असेल तर इंजिन चालू राहतं म्हणून. असं अजिबात करू नका, चार्ज करत असलेल्या अल्टरनेटरची बॅटरी अचानक तुटली की क्षणभर व्होल्टेज जे उसळतं त्यात चांगला कंट्रोलर खरंच मरू शकतो, आणि मग तो बदलावाच लागेल.

परत तोच लोड, तेच मीटर. बॅटरीवर २८.०, कंट्रोलरवर २७.८. जाताना ०.१४, येताना ०.०६. अर्धा दिवस चालवली, एसी फुल, लाईटी दिवसाढवळ्या चालू, मिनिमम २६.९ च्या खाली गेला नाही, आणि स्विंगचे झटके तर ऑपरेटरने मुद्दाम नेहमीपेक्षा जोरात मारले. संध्याकाळी बूमची वायर नवीन ओढली, या वेळी होजच्या वरच्या बाजूने आणि जाड स्लीव्हमधून, पिनपाशी थोडी ढील ठेवून. १० अँपिअरचा फ्यूज लावून स्विच दाबला, लाईट लागली. ऑपरेटर बूमकडे बघतच नव्हता, तो मॉनिटरवरच्या डिझेलच्या काट्याकडे बघत होता. हलला नाही.

एक वायर राहिली. सीटच्या मागे एक निळी वायर सापडली, एक टोक फ्यूजबॉक्सच्या मागे जोडलेलं, दुसरं टोक टेप मारून फरशीखाली गेलेलं. करंट शून्य, मोजला. कापली नाही, तिला चिठ्ठी बांधून ठेवलीय.